रुळावरची घसरण आणि उतरणीचा हिशेब

यवतमाळच्या उन्हाळ्यात बर्फावरच्या खेळाविषयी बोलणाऱ्याला आपण हसाल, हे मी जाणून आहे. परंतु बर्फ नसला तरी रूळ आपल्या परिचयाचे आहेत. मूर्तिजापूरची शकुंतला आता धावत नाही. पण तिच्या रुळावर पावलापुढे पाऊल ठेवीत तोल सांभाळण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी केला असेल. तोच खेळ पायांत स्कीच्या लांब पट्ट्या बांधून, उंच उभारलेल्या लोखंडी रुळावरून वेगाने घसरत करतात. असे रूळ असलेली स्पर्धा २०१४ साली रशियातील सोची येथे हिवाळी ऑलिंपिकमध्येही आली.

हा वेग उतारातून मिळतो. घर्षण व हवेचा विरोध सोडल्यास ५ मीटर खाली येताना ताशी सुमारे ३६ किलोमीटर वेग येतो. तो दुप्पट हवा असेल तर उंची चौपट, म्हणजे २० मीटर लागते.

बर्फात स्कीची धार रुतते, म्हणून वळता येते. पोलादात ती रुतत नाही. तेव्हा स्की सपाट ठेवून शरीराचा भारमध्य रुळाच्या वर राखणे, एवढेच खेळाडूच्या हाती उरते. दोरावर चालणारी पोर आडवी काठी धरते, तसे तो हात पसरतो. त्यामुळे शरीर सावकाश कलते आणि सावरायला अवधी मिळतो.

खरा प्रश्न उतरण्याचा आहे. ३ मीटरांवरून सपाट जागी पडून गुडघे वाकवीत ५० सेंटिमीटरांत थांबल्यास पायांवर सरासरी वजनाच्या सातपट भार येतो. ताठ राहून १० सेंटिमीटरांत थांबल्यास एकतीसपट! खालची जागा उतरती असेल, तर गतीचा बराच भाग उताराच्या दिशेने पुढे चालू राहतो व धक्का पुष्कळ कमी होतो. म्हणून एखादा उंच रूळ शक्य की अशक्य, हे धाडसाइतकेच खालच्या उतारावर ठरते.

ट्रकवरून उडी टाकणारा आमचा हमाल गुडघे वाकवतो, तो याच हिशेबाने. अनेक वर्षांपूर्वी एका जिनिंग कारखान्यात फळी फार उभी लावल्याने रुईची गाठ सुटली व एका हमालाचा पाय मोडला. कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ अशी नोंद झाली. फळीचा कोन कोणी मोजला नाही. खेळाडू असो वा हमाल, तोल त्याने सांभाळावा. परंतु उताराचे गणित तो उभारणाऱ्याने आधी केले पाहिजे.