कढीपत्त्यावरची सोंगं

परसातला कढीपत्ता खुडताना पानावर पक्ष्याची शीट दिसली, तर ते पान टाकून देण्याआधी नीट पाहा. ती हलली तर समजावं, ही कॉमन मॉर्मन फुलपाखराची लहानशी अळी. वाढली की ती हिरवी होते, कोषात जाते. कोषातून नर निघाला तर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा असलेला. मादी मात्र तीन रूपांपैकी कोणतंही घेऊन येते: नरासारखं, कॉमन रोझसारखं किंवा क्रिमसन रोझसारखं.

या दोन्ही रोझच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर पोसतात आणि तिचं विष अंगात साठवतात. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगांच्या वाटेला जात नाही. मॉर्मनकडे विष नाही, फक्त सोंग आहे, आणि तेही बेमालूम. ओळखायचं असेल तर पंख सोडून अंग पाहावं. रोझचं लाल, मॉर्मनचं काळं.

ॲमेझॉनच्या जंगलात 11 वर्षं काढलेल्या हेन्री बेट्स यांनी 1862 मध्ये अशा नकलेची उपपत्ती मांडली. मॉर्मनच्या या निरनिराळ्या माद्या एकाच जातीच्या, हे 1865 मध्ये आल्फ्रेड वॉलेस यांनी दाखवलं. पण खरा पेच पुढेच होता. पांढरे डाग, लाल चंद्रकोरी, त्यांच्या जागा हे सगळं एकत्रच कसं उतरतं? अर्धवट सोंग का जन्मत नाही? लिव्हरपूलचे डॉक्टर सिरिल क्लार्क आणि फिलिप शेपर्ड यांनी हातांनी जोड्या लावून संकर केले. त्यांचा तर्क असा, की एकमेकांना चिकटलेल्या अनेक जनुकांचा हा गठ्ठा असावा. त्याला नाव पडलं सुपरजीन.

2014 मध्ये कृष्णमेघ कुंटे, मार्कस क्रॉनफोर्स्ट आणि सहकाऱ्यांनी हा गठ्ठा उकलला, तर आत निघालं एकच जनुक: डबलसेक्स. कीटकांमध्ये नर-मादीपण घडवणारं हे जुनं जनुक इथे पंखही रंगवू लागलं आहे. हा शोध मला फार मोठा वाटतो. निसर्गाने नवं हत्यार घडवलं नाही, घरातलंच दुसऱ्या कामाला जुंपलं. शिवाय सोंग घेणाऱ्या मादीत गुणसूत्राचा तेवढा तुकडा उलटा बसलेला असतो. सुलट तुकड्याशी त्याची अदलाबदल जमत नाही, म्हणून सोंग फुटत नाही.

वर्षभरात जपानी संशोधकांनी याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा दिला. कोषातल्या मादीच्या एकाच बाजूच्या पंखात त्यांनी हे जनुक दाबलं. त्या पंखावर रोझची नक्षी पुसट होऊन नरासारखा पांढरा पट्टा उमटला. दक्षिण अमेरिकेतल्या हेलिकोनियस फुलपाखरांची लाल नक्षी ऑप्टिक्स नावाच्या वेगळ्याच जनुकाकडे आहे. म्हणजे नकलेच्या वाटा अनेक.

मग नरासारख्या साध्या माद्या उरल्याच कशा? सोंगाड्यांची गर्दी झाली की पक्ष्यांना रोझच्या रंगातही गोड घास मिळू लागतो आणि धाक ओसरतो. सोंग चालतं ते विषारी रोझ आसपास पुरेसे असतील तिथेच.

ओल्या मातीवर पाणी शोषत बसलेल्या साध्या काळ्या नराच्या अंगातही तो उलटा तुकडा असू शकतो. त्याच्या पंखांवर तो कधीच दिसत नाही. लेकींच्या पंखांवर दिसतो.