क्वार्टरबॅक घडतो उन्हाळ्यात

अमेरिकेतील शालेय फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत आटोपतो. संघाची चढाई ज्याच्या हातून सुरू होते, तो क्वार्टरबॅक मात्र घडतो उरलेल्या महिन्यांत.

उन्हाळ्यातील त्याचा मुख्य सराव म्हणजे ‘सेव्हन ऑन सेव्हन’. टेक्सासमध्ये १९९८ पासून या प्रकाराची राज्य स्पर्धाच भरते. दोन्ही बाजूंना ७ खेळाडू, धडक वर्ज्य आणि चेंडू ४ सेकंदांत फेकायचा. मोकळा साथीदार हेरणे, त्याच्या धावेचा अंदाज घेऊन चेंडू आधीच सोडणे, हे यातून उत्तम साधते. गोम निराळीच आहे. क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून येणारे धिप्पाड बचावपटू येथे नसतात. खऱ्या सामन्यात अनेकदा ३ सेकंदही मिळत नाहीत. निवांत उभे राहण्याची सवय जडलेला मुलगा मग गांगरतो, प्रसंगी जायबंदीही होतो.

म्हणूनच जाणते प्रशिक्षक हाताइतकीच पायांवर मेहनत घेतात. चेंडू हाती येताच ३ किंवा ५ पावले मागे, तोल सावरणे आणि मगच फेक, असा हा रियाझ चालतो. इतर खेळही उपयोगी पडतात. पॅट्रिक माहोम्स टेक्सासमधील व्हाइटहाऊसच्या शाळेत बेसबॉल आणि बास्केटबॉलही खेळत असे. २०१४ मध्ये डेट्रॉईट टायगर्स या बेसबॉल संघाने त्याची निवडही केली होती. त्याने फुटबॉल पत्करला.