सोसायटीची खतावणी व बँकेची खतावणी : संगणकाने जोडताना घ्यावयाची दक्षता

मृगाच्या पावसाआधी पीक कर्ज हाती पडणे अगत्याचे असते. बियाणे, खते व मजुरी यांचा खर्च एकदमच अंगावर येतो आणि त्यास लागणारा पैसा लक्षावधी शेतकऱ्यांस गावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेमार्फत, म्हणजे रोजच्या बोलण्यातील विकास सोसायटीमार्फत मिळतो. कर्जमागणी पुढे जाण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारला जातो तो हा की, मागील कर्ज मुदतीत फिटले काय? या प्रश्नाचे उत्तर सोसायटीच्या खतावणीत एक व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या खतावणीत दुसरे निघाले, तर पैसे वेळेवर भरणाऱ्या सभासदाचीही पेरणी अडते.

या खतावण्या संगणकाने एकमेकींस जोडण्याचे काम हल्ली देशभर हाती घेण्यात आले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली व त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांचा खर्च ठरविला. पुढे संस्थांची संख्या वाढविण्यात आली. सर्व राज्यांतील संस्थांनी एकाच धर्तीचे सॉफ्टवेअर वापरावे व त्यांचे हिशेब एकाच पद्धतीने लिहिले जावेत, अशी ही योजना असून तिची अंमलबजावणी नाबार्डमार्फत होते.

अशा सॉफ्टवेअरला व्यापारी जगात ईआरपी म्हणतात. नाव परके असले तरी कल्पना साधी आहे. पूर्वी सोसायटीत कर्जाची वही निराळी, खत दुकानाची निराळी, ठेवींची निराळी व किर्द निराळी असे. एकच व्यवहार चार ठिकाणी लिहावा लागे, आणि वर्षअखेरीस त्या चारांचा मेळ घालता घालता गटसचिवाच्या नाकी नऊ येत. नव्या पद्धतीत व्यवहार एकदाच नोंदवावयाचा असतो. खताची गोणी उधारीने दिली की त्याच नोंदीने गोदामातील साठा कमी होतो, सभासदाच्या नावे रक्कम पडते व किर्दीतही ती येते.

सोसायटीच्या चार भिंतींच्या आत एवढे पुरेसे आहे. पण सोसायटीचा कारभार चार भिंतींच्या आत संपत नाही. पैसा बँकेतून येतो व बँकेस परत जातो. उसाच्या पट्ट्यात वसुली साखर कारखान्याच्या बिलातून होते. अनुदानित खत विकताना शासनाच्या खतविक्री यंत्रावर शेतकऱ्याची आधार ओळख पटवावी लागते. २०१८ पासून ही पद्धत देशभर लागू आहे. बँक, कारखाना व खतविक्री यंत्र यांपैकी प्रत्येकाची संगणक-व्यवस्था निराळ्या हातांनी, निराळ्या काळी व निराळ्या गरजेपोटी बनविलेली आहे. सोसायटीची नवी व्यवस्था त्यांच्याशी जोडणे हे या कामातील खरे अवघड अंग होय.

या गोष्टीचे मूळ बरेच जुने आहे. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या समितीने १९५४ साली दिलेल्या अहवालात पतपुरवठा व शेतमालाची विक्री यांची सांगड घालावी असे सुचविले होते. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात ती सांगड चांगली बसली. सोसायटीने कर्ज द्यावे, कारखान्याने ऊस घ्यावा व बिलातून कर्जाची रक्कम कापून ती बँकेमार्फत सोसायटीस पोचती करावी, असा तो रिवाज. माणसांची सांगड बसली. त्यांच्या दप्तरांची मात्र बसावयाची राहिली.

पैशाचा ओघ कसा वाहतो हे पाहिल्यास अडचण लक्षात येते. सोसायटी हंगामापूर्वी कमाल मर्यादा पत्रक तयार करते. त्यात प्रत्येक सभासदाचे क्षेत्र, पीक व मिळू शकणारे कर्ज दाखविलेले असते. बँक त्यावरून सोसायटीस मर्यादा मंजूर करते. कायद्याच्या दृष्टीने बँकेचे कर्ज सोसायटीकडे असते व सोसायटीचे कर्ज सभासदाकडे. म्हणजे एकाच रुपयाच्या दोन नोंदी दोन दप्तरांत चालतात आणि त्या बरोबरीने कमीजास्त व्हावयास पाहिजेत. सोसायटीचे बँकेस देणे हे तिच्या सभासदांकडील येण्यापेक्षा वाढले, तर त्यास सहकारी खात्याच्या भाषेत अनिष्ट तफावत म्हणतात. हा शब्द ज्या संस्थेच्या लेखापरीक्षण अहवालात आला, तिच्या सभासदांस पुढील कर्ज मिळताना किती यातायात पडते, हे जाणत्या शेतकऱ्यांस सांगावयास नको.

तफावत म्हटली की अफरातफर असा समज सर्रास होतो. काही ठिकाणी तो खराही असतो. परंतु पुष्कळदा तफावतीचा आरंभ निरुपद्रवी दिसणाऱ्या नोंदीत असतो. समजा, एका सोसायटीच्या १४० सभासदांचा ऊस कारखान्यास गेला. कारखान्याने बिलातून कर्जाच्या रकमा कापल्या व एकूण रक्कम बँकेत सोसायटीच्या खात्यावर एका आकड्याने जमा केली. सोबतच्या यादीत सभासदांची नावे कारखान्याच्या दप्तराप्रमाणे आहेत. सोसायटीचा सभासद क्रमांक तीत नाही. गटसचिवास १३१ नावे ओळखू येतात. उरलेल्या ९ जणांची रक्कम तो अनामत खात्यात ठेवतो व चौकशी करीन म्हणतो. गटसचिवाकडे पुष्कळदा एकाहून अधिक संस्थांचे काम असते. चौकशी मागे पडते. मुदतीची तारीख उलटते आणि संगणक त्या ९ सभासदांस थकबाकीदार ठरवितो. बँकेत पैसे आहेत, कारखान्याच्या बिलात कपात आहे, पण सभासदाच्या खात्यावर जमा नाही.

यात त्या सभासदाचे किती नुकसान होते? केंद्राच्या व्याज सवलत योजनेत ३ लाख रुपयांपर्यंतचे पीक कर्ज ७ टक्के दराने मिळते व मुदतीत फेडल्यास ३ टक्के सूट मिळते. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे मुदतीत फेडणाऱ्यास व्याजाचा उरलेला भारही पडत नाही. कर्ज १,५०,००० रुपयांचे असेल व सवलत गेली, तर ७ टक्क्यांनी वर्षाचे १०,५०० रुपये होतात. एका नावाच्या घोटाळ्यापायी हा भुर्दंड बसतो, आणि शिवाय नवे कर्ज लांबते ते निराळेच.

आता संगणकाची जोडणी येथे काय करू शकते व काय करू शकत नाही, याचा विचार करणे इष्ट होईल.

जोडणी म्हणजे एका संगणकाने दुसऱ्यास ठरावीक नमुन्यात पाठविलेला निरोप. त्यात सभासदाचा क्रमांक, खाते, रक्कम, तारीख व व्यवहाराचा स्वतंत्र क्रमांक असतो. निरोप मिळाल्यावर पलीकडचा संगणक आपल्या दप्तरी नोंद करतो व पोच देतो. काही ठिकाणी हा निरोप व्यवहार होताच जातो. काही ठिकाणी दिवसभराच्या व्यवहारांची एकच यादी संध्याकाळी पाठविली जाते. तत्काळ निरोप अधिक आधुनिक समजला जातो. पण ज्या गावी इंटरनेट दिवसातून चार वेळा तुटते तेथे संध्याकाळची यादी व तिचा रोजचा ताळा हीच पद्धत अधिक भरवशाची ठरते. सर्वांत वाईट पद्धत म्हणजे सोसायटीच्या संगणकावरील कागद छापून घेऊन तोच मजकूर बँकेच्या संगणकात पुन्हा हाताने भरणे. तिला जोडणी म्हणणे म्हणजे शब्दाचा दुरुपयोग होय.

पोचेचे महत्त्व विशेष आहे. पूर्वी मनीऑर्डर करणाऱ्यास पोच हाती येईपर्यंत चैन पडत नसे. संगणकासही तीच शिस्त लावावी लागते. समजा, सोसायटीकडून २०,००० रुपयांच्या भरण्याचा निरोप गेला, बँकेने तो नोंदविला, पण पोच परत येण्याआधी लाईन तुटली. सोसायटीचा संगणक निरोप पोचला नाही असे समजून तो पुन्हा धाडतो. पलीकडच्या संगणकाने व्यवहार क्रमांक तपासला नाही, तर एकाच भरण्याच्या दोन नोंदी होतात. यास्तव प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक एकमेव असावा व तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास नोंद न करता पहिलीच पोच पुन्हा द्यावी, असा नियम जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञांकडून आरंभीच पाळून घ्यावा. संस्थेच्या संचालकांनी हा एक प्रश्न तरी त्यांस जरूर विचारावा. उत्तर समजण्यास तंत्रज्ञ असावे लागत नाही.

निरोपाची वाट कितीही चांगली बांधली तरी निरोपातील मजकूर चुकीचा असेल, तर चूकच अधिक वेगाने पुढे जाते. जुन्या वह्यांतील मजकूर संगणकात भरताना याचा प्रत्यय येतो. सभासद रजिस्टरात ‘रामा’, सातबाऱ्यावर ‘रामचंद्र’ व आधारपत्रावर तिसरेच काही, हा प्रकार घरोघरीचा आहे. गटसचिव माणूस ओळखतो म्हणून त्याचे अडत नाही. संगणकास मात्र ती तीन निराळी माणसे वाटतात. मयत सभासदाच्या नावे चालू राहिलेले खाते व वारसाच्या नावे झालेला सातबारा, ही दुसरी गाठ. शेतकरी ओळख क्रमांकाचा उपयोग महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी २०२५ पासून सक्तीचा करण्यात आला आहे. नावाऐवजी अशा कायम क्रमांकावर मेळ घातल्यास हे घोटाळे पुष्कळ कमी होतील, परंतु तो क्रमांक व सोसायटीचा सभासद क्रमांक यांची जोडी एकदा तरी माणसानेच, कागदपत्रे समोर ठेवून, लावावयाची आहे.

क्षेत्राच्या नोंदीत तर फसगत सहज होते. जुन्या वह्यांत १.२० असे लिहिलेले असले की त्याचा अर्थ बहुधा १ एकर २० गुंठे. एकराचे गुंठे ४०, म्हणजे हे क्षेत्र ६० गुंठे, अर्थात सुमारे ६१ आर किंवा ०.६१ हेक्टर झाले. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, व तेथे १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर. वहीतील आकडा तसाच संगणकात गेला, तर जमीन जवळजवळ दुप्पट होते आणि कमाल मर्यादा पत्रकातील कर्जही दुप्पट होते. वर्षाच्या अखेरीस एवढे कर्ज कसे दिले म्हणून लेखापरीक्षक विचारतात, तेव्हा सॉफ्टवेअरला बोल लावण्यात अर्थ नसतो.

खताच्या साठ्यातही असेच घडते. पूर्वी युरियाची गोणी ५० किलोची होती, म्हणजे २० गोण्यांचा एक टन. २०१८ पासून गोणी ४५ किलोची झाली. सोसायटीच्या संगणकात जुनेच माप राहिले, तर १०० गोण्यांचे ५ टन दिसतात. प्रत्यक्षात ते ४.५ टन असतात. गोदामात गोण्या बरोबर आहेत, विक्री यंत्रावर नोंद बरोबर आहे, तरीही अर्धा टन खत गेले कोठे असा प्रश्न उभा राहतो. खत नियंत्रणाच्या तपासणीत असल्या प्रश्नाचे उत्तर देणे सुखाचे नसते.

तारखेविषयी थोडे निराळे आहे. येथे चूक कोणाचीच नसते, पण नियम ठरलेला नसतो. सभासदाने ३१ मार्चला संध्याकाळी सोसायटीत रोख भरली. बँकेची शाखा बंद झालेली. भरणा दुसऱ्या कामाच्या दिवशी नोंदला गेला. सोसायटीत तो मुदतीत आहे, बँकेत मुदतीबाहेर. सवलतीसाठी कोणती तारीख धरावयाची हे बँकेने व सोसायटीने हंगामापूर्वी लेखी ठरवावे, आणि दोन्ही संगणकांत तोच नियम बसवून घ्यावा. तोवर सभासदाने शेवटच्या दिवसाची वाट न पाहणे हितावह.

जोडणी सुरू करताना जुन्या वह्या लगेच बांधून ठेवण्याची घाई काही ठिकाणी केली जाते. तसे करू नये. प्रारंभीच्या बाकीची यादी सभासदांस वाचून दाखवावी व हरकती घ्याव्यात. मग निदान एक वसुलीचा हंगाम वही व संगणक दोन्ही चालवावीत. दर संध्याकाळी दिवस बंद करण्यापूर्वी तीन आकडे पाहावेत : सोसायटीने पाठविलेली एकूण रक्कम, बँकेने पोच दिलेली एकूण रक्कम व अनामत खात्याची बाकी. पहिल्या दोहोंत फरक असल्यास तो त्याच दिवशी कागदावर कारणासह लिहावा. अनामतीत आठ दिवसांपेक्षा जुनी रक्कम असल्यास ती संचालक मंडळाच्या सभेपुढे नावानिशी यावी. या कामास गटसचिवाचा रोज अर्धा तास जातो. मंडळींनी तो त्यास मोकळा करून दिला पाहिजे. वसुलीच्या दिवसांत दाखले व अर्ज लिहिण्यासाठी त्यास भोवती घेरून ठेवल्यास ताळा कधीच होणार नाही.

सभासदाच्या हातीही एक साधन आहे. भरणा केल्यावर व्यवहार क्रमांक असलेली पावती मागून घ्यावी. नुसता मोबाईलवरील संदेश पुरेसा समजू नये. उसाच्या बिलातून कपात झाली असल्यास बिलाची पावती घेऊन आठवड्याच्या आत सोसायटीत जावे व आपल्या कर्जखात्याचा उतारा काढून त्यात ती रक्कम त्याच तारखेस जमा आहे की नाही हे पाहावे. नसल्यास अर्ज दोन प्रतींत द्यावा, एक सोसायटीस व एक बँकेच्या शाखेस, आणि आपल्या प्रतीवर पोचेची सही व तारीख घ्यावी.