धोका मोजावा कशाने? : छोटे विमान आणि मोटारसायकल

छोट्या विमानात बसणे हे जिवावरचे काम, आणि मोटारसायकल म्हणजे घरातलीच वस्तू, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो आकड्यांच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे पाहण्यास अमेरिकेचे उदाहरण सोयीचे आहे. कारण तेथे खाजगी विमानांच्या उड्डाणाचे तास आणि मोटारसायकलींनी कापलेले मैल या दोहोंचा अंदाज शासकीय यंत्रणा नियमितपणे प्रसिद्ध करतात.

तेथे छोट्या विमानांच्या एक लाख उड्डाण-तासांमागे सुमारे एक प्राणघातक अपघात होतो. मोटारसायकलींचा हिशेब मात्र मैलांत ठेवला जातो. २०२२ साली दर दहा कोटी मैलांमागे सुमारे २६ मृत्यू झाले, म्हणजे अंदाजे ३८ लाख मैलांमागे एक. मोटारसायकलीचा सरासरी वेग ताशी ४० मैल धरला, तर एवढे अंतर कापण्यास सुमारे ९५ हजार तास लागतील. तासांच्या मापाने दोन्ही वाहने जवळजवळ एकाच पंक्तीत बसली! विमानाचा वेग ताशी १५० मैल धरून मैलांचे माप लावले, तर मात्र विमान सुमारे चौपट सुरक्षित ठरते.

यांपैकी कोणते माप खरे मानावे? ते प्रवासाच्या हेतूवर अवलंबून आहे. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरचा शिकाऊ वैमानिक बरेचदा धावपट्टीभोवती फेऱ्या घालून निघाला तेथेच उतरतो. त्याच्या मैलांना फारसा अर्थ नाही. शाळेच्या गावी जाणाऱ्या शिक्षकास मात्र ठरावीक अंतर कापावयाचे असते. त्याने अंतराचेच माप घ्यावे.

धोक्याची जातही निराळी आहे. विमान-अपघातांत बहुतेक वेळा वैमानिकाचा निर्णय किंवा कौशल्य उणे पडलेले आढळते : ढगाळ हवेत पुढे जाण्याचा हट्ट, इंधनाचा चुकलेला हिशेब, उतरताना वेग इतका घटू देणे की पंखांची उचलच नाहीशी व्हावी. हवा वाईट म्हणून जमिनीवर थांबणारा वैमानिक आपला धोका स्वतःच कमी करतो. मोटारसायकलस्वाराच्या हाती एवढे नसते. लॉस एंजेलिस परिसरातील अपघातांची हॅरी हर्ट यांनी केलेली पाहणी १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन-तृतीयांश टकरींत त्या दुसऱ्या चालकाने स्वाराचा वाटेवरील हक्क डावलला होता, असे तीत दिसून आले.

स्वाराच्या हाती उरते ते प्रामुख्याने हेल्मेट. अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा यंत्रणेच्या अंदाजानुसार त्यामुळे चालकाच्या मृत्यूचा संभव शेकडा ३७ ने घटतो. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत दुचाकीवरील शेकडा ४४ हून अधिक होती. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९. पैकी १४,३३७ मागे बसलेले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १२९ मागे बसणाऱ्यासही लागू आहे. कोणत्याही पंचायत समितीच्या आवारात मात्र एका गाडीला दोन हेल्मेटे अडकविलेली क्वचितच दिसतील.