कथेचा अभ्यास करायचा, पण कशावरून?

गेल्या पावसाळ्यात पदवीच्या वर्गातील एक मुलगी आमच्याकडे आली. जी. ए. कुलकर्णींच्या कथेवर तिला निबंध लिहायचा होता आणि हातात फक्त एक गाईड होते. ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्याचे त्यात छापले होते, तो जी. एं.नी परत केला, हे कुठेच नव्हते. तिला घेऊन आम्ही गावच्या वाचनालयात गेलो. ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘पिंगळावेळ’ सारे होते, पाने हाताळून मऊ झालेली. समीक्षेचे पुस्तक मात्र एकही नाही.

जी. ए. आपल्याच भागातले. बेळगावात वाढले, धारवाडला इंग्रजी शिकवले. त्यांच्यावर चार पाने लिहिण्यासाठी आमच्या मुलीने पुणे गाठावे, याची आम्हां समितीच्या मंडळींना लाज वाटली. मराठीसाठी मोर्चे काढले, निवेदने दिली, ते योग्यच होते. पण कपाटात काय आहे, हे कधी पाहिले नव्हते.

मग यादी करायला बसलो. लेखकाच्या माहितीसाठी ‘संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश’. प्रतीक कशाला म्हणावे, रूपक कशाला, यात मुले हमखास गोंधळतात. त्यासाठी ‘वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश’. इतिहासाला इंदुमती शेवडे यांचे ‘मराठी कथा : उद्गम आणि विकास’, शिवाय म. द. हातकणंगलेकरांचे ‘मराठी कथा : रूप आणि परिसर’. सुधा जोशींचे ‘कथा : संकल्पना आणि समीक्षा’ मुलांना जड जाईल, पण शिक्षकांनी तरी वाचावे.

समीक्षकांचे आपसात पटत नाही, हेही मुलांना कळले पाहिजे. फडक्यांनी तंत्राला महत्त्व दिले, गाडगीळांच्या नवकथेने ती चौकट मोडली, नेमाड्यांनी तर हा वाङ्मयप्रकारच कमी लेखला. एकाचेच वाचून निबंध लिहिणे म्हणजे एकाच भावाचे ऐकून वाटणीचा निवाडा करणे.

खरी अडचण पुढे आहे. शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ मोठ्या कष्टाची, पण ती १९५० पर्यंतच्या ग्रंथांची, जी. एं.चा पहिला संग्रह ‘निळासावळा’ १९५९ चा. त्यानंतरचे कितीतरी लेख जुन्या मासिकांत पडून आहेत आणि ‘सत्यकथा’ तर १९८२ मध्येच बंद पडली. म्हणून मुलांना आम्ही सांगतो, समीक्षेचे पुस्तक आधी मागून उघडा. तळटिपा आणि संदर्भसूची पाहा, तिथे पुढच्या लेखाचा पत्ता सापडतो.

माळ्यावर ‘सत्यकथे’चे गठ्ठे असलेली घरे आपल्या गावांत अजून आहेत. ते रद्दीत घालू नका, वाचनालयात आणून द्या. फाटके अंकही चालतील.

त्या मुलीला हातकणंगलेकरांचे पुस्तक एका निवृत्त गुरुजींकडे मिळाले. परत करताना तिने सोबत चिठ्ठी दिली, हव्या असलेल्या चार लेखांची. त्यांतले दोन आम्हाला सापडले आहेत.