प्लाझ्मा टेबल : वेगाआधी स्पर्श नेमका हवा

संगणकाच्या आज्ञेनुसार पोलादी पत्रा कापणारे प्लाझ्मा टेबल आता केवळ मोठ्या कारखान्यांची मिरास राहिलेले नाही. हौशी कारागीरही ते घरच्या कार्यशाळेत उभारतात. यंत्र जोडून झाले की बहुतेकांचे लक्ष कापण्याच्या वेगाकडे जाते. प्रत्यक्षात कापाची प्रत आणि नोझलचे आयुष्य बऱ्याच अंशी ठरते ते ठिणगी पडण्यापूर्वीच्या दोन हालचालींवर. या हालचाली म्हणजे होमिंग आणि टच-ऑफ.

अशा टेबलांवर सामान्यतः स्टेपर मोटर असते. वीज गेली वा टॉर्च कोठे अडखळला, की आपण नेमके कोठे आहोत याचे भान तिला उरत नाही. म्हणून प्रत्येक अक्ष लिमिट स्विचपर्यंत नेऊन शून्यस्थान ठरवायचे, हे होमिंग. टच-ऑफमध्ये टॉर्च खाली येऊन पत्र्याला स्पर्श करतो आणि तेथून उंची मोजली जाते. छोट्या यंत्रांवर पत्रा भेदताना सुमारे ३ ते ४ मिलिमीटर आणि कापताना सुमारे १.५ मिलिमीटर अंतर ठेवतात. भेदताना टॉर्च फार खाली राहिला, तर उसळलेला वितळता धातू नोझलवर बसतो. फार वर राहिला, तर ज्योत पत्र्याला धरत नाही.

येथे वेगाचे गणित महत्त्वाचे ठरते. थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला १५०० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने उतरणारा टॉर्च, मंदन सेकंदाला २५० मिलिमीटर प्रति सेकंद असेल, तर स्विच दाबला गेल्यावरही १.२५ मिलिमीटर पुढे जातो. वेग मिनिटाला ३०० मिलिमीटर केला, की हे अंतर ०.०५ मिलिमीटरवर येते. वेग एक पंचमांश, घसरण एक पंचविसांश!

मात्र सारा प्रवास संथ ठेवला, तर प्रत्येक छिद्रामागे वेळ वाया जातो. त्यावरचा तोडगा दोन टप्प्यांचा. आधी जलद शोध, मग किंचित माघार आणि शेवटी संथ स्पर्श. ‘जीआरबीएल’ या मुक्त प्रणालीत होमिंगसाठी हीच पद्धत असून, तिची मूळ मूल्ये शोधासाठी मिनिटाला ५०० आणि नेमकेपणासाठी २५ मिलिमीटर अशी आहेत.

आपल्या यंत्राचा वेग योग्य आहे का, हे तपासणे सोपे आहे. प्लाझ्माचा वीजपुरवठा बंद ठेवून एकाच जागी दहा वेळा टच-ऑफ घ्यावा. आकडे विखुरलेले आले, तर वेग कमी करावा आणि सरकपट्टीतील ढिलेपणा पाहावा. आकडे एकसारखे येऊनही फिलर गेजने मोजलेली उंची दरवेळी तेवढीच चुकत असेल, तर दोष वेगाचा नाही. स्पर्श झाल्यापासून स्विच दाबला जाईपर्यंतची चाल हिशेबात धरलेली नाही. पातळ पत्रा आधारपट्ट्यांच्या मध्ये दाबाने वाकतो आणि टॉर्च उचलताच पूर्ववत होतो, त्यामुळे उंची कमी भरते. म्हणून ही चाचणी पट्टीवर आणि दोन पट्ट्यांच्या मध्येही घ्यावी.

दहा स्पर्शांना लागतात फार तर काही मिनिटे. तेवढ्याने नोझल आणि पत्रा दोन्ही वाचतात.