विश्वासाची ठेव

घरच्या माणसांपाशीं जें बोलवत नाहीं तें मनुष्य परक्यापाशीं बोलतो, ही गोष्ट प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. परंतु तिचें कारण उघड आहे. आईला सांगावें तर तिची झोप उडेल. भावाला सांगावें तर एखाद्या दिवशीं रागाच्या भरांत तो तेंच तोंडावर फेकील. मित्राला सांगावें तर त्याच्या घरून तें चार घरीं जाईल. परका मनुष्य ह्या सर्व नात्यांच्या बाहेर उभा असतो. समुपदेशकाच्या खोलीचें दार लागलें म्हणजे आंत उच्चारलेला शब्द कोणत्याही वाटेनें घरीं परत येणार नाहीं, एवढ्या एका भरंवशावर तेथला सारा व्यवहार चालतो. शस्त्रवैद्याच्या हातीं जशी सुरी, तशी समुपदेशकाच्या हातीं ही गुप्तता. ती बोथट झाली कीं पुढचा उपाय खुंटला. कारण अर्धवट सांगितलेल्या दुःखावर पुरा सल्ला कोणालाच देतां येत नाहीं.

वैद्यानें रोग्याचें गुपित राखावें, हा दंडक फार जुना आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस ह्याच्या नांवानें चालत आलेल्या शपथेंतही तो आढळतो. परंतु मोडलेलें हाड बसवितांना गुपित हें दुखण्याच्या आसपास कोठेंतरी असतें. मनाच्या दुखण्यांत पुष्कळ वेळां गुपित हेंच दुखणें असतें. हा भेद लक्षांत येण्यास एक जुनें उदाहरण उपयोगी पडेल. ब्रॉयर आणि फ्रॉइड ह्या व्हिएन्नाच्या दोन वैद्यांनीं १८९५ सालीं हिस्टेरियावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत 'ॲना ओ.' ह्या बनावट नांवाखालीं एका तरुण स्त्रीच्या आजाराची सविस्तर हकीकत होती. पुढें १९५३ सालीं अर्नेस्ट जोन्स ह्यांनीं लिहिलेल्या फ्रॉइडच्या चरित्रांत तिचें खरें नांव छापलें गेलें. ती स्त्री म्हणजे बर्था पापेनहाइम. जर्मनींतील ज्यू स्त्रियांची संघटना १९०४ सालीं उभारणारी, अनाथ मुली व निराधार स्त्रिया ह्यांच्यासाठीं आयुष्य वेंचणारी ही कार्यकर्ती १९३६ सालीं निवर्तली होती. आपल्या नांवाशीं तरुणपणचें दुखणें जोडलें जावें कीं न जावें, हें तिला विचारण्याची वेळ केव्हांच निघून गेली होती.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नांव झांकलें म्हणजे माणूस झांकला गेला असें होत नाहीं. 'सदाशिव पेठेंतील एका निवृत्त मुख्याध्यापकांची धाकटी सून' एवढें बोललें तरी नांव घेण्याची गरज उरत नाहीं. ऐकणारांपैकीं एखादा तरी त्या गल्लींतला निघतोच. व्याख्यानांत, लेखांत अथवा जेवणाच्या पंगतींत 'परवां एक बाई आल्या होत्या' असें म्हणून रंगविलेली हकीकत निरुपद्रवी वाटते. पण गुपितें फुटतात तीं बहुधा दुष्टपणानें नव्हेत, अशा गप्पांच्या ओघांतच फुटतात.

मग ह्या गुपिताचा मालक कोण? व्यवहारांत सर्वांत मोठा घोटाळा होतो तो ह्याच प्रश्नावर. पेढीवरची ठेव ठेवणाराची असते, पेढीवाल्याची नसते. आणि ठेवणाराला पेढीपर्यंत सोबत करणाराची तर मुळींच नसते. परंतु मुलीला वा सुनेला समुपदेशकाकडे घेऊन येणारें बहुधा घरांतलेंच वडील माणूस असतें. शुल्क तेंच देतें, बाहेरच्या बांकावर तासभर तेंच बसून राहतें. मुलगी बाहेर पडते, आणि आई आंत डोकावून विचारते, "बाई, काय म्हणाली हो ती? आम्हांला तर कांहींच सांगत नाहीं." हा प्रश्न मायेचा असतो, आणि म्हणूनच त्याला नकार देणें कठीण जातें. जाणती समुपदेशिका म्हणते, "तुमची काळजी मला दिसते आहे. पण ती काय बोलली तें तिच्याच तोंडून तुम्हांला कळलें पाहिजे. तिची तयारी असेल तर पुढच्या खेपेस आपण तिघी मिळून बसूं."

ह्या उत्तरानें आईचा थोडा हिरमोड होतो खरा. पण ह्याऐवजीं बाईंनीं दोन वाक्यें सांगितलीं असतीं तर काय झालें असतें? त्याच संध्याकाळीं चहाच्या वेळीं मुलीनें आपलेंच वाक्य आईच्या तोंडून ऐकलें असतें. त्या दिवसापासून ती समुपदेशकाकडे कदाचित् जात राहिली असती, पण खरें बोलली नसती. ज्या मनाला घरचें दार आधींच बंद वाटत होतें, त्याचें बाहेरचेंही दार बंद झालें असतें. आणि अशा मनाला तिसरें दार दिसतें तें पुष्कळदां आत्मघाताचें असतें. मात्र आईचें म्हणणें ऐकून घेण्यास कांहींच आडकाठी नाहीं. ऐकण्यानें गुप्तता मोडत नाहीं, सांगण्यानें मोडते. आणि आई काय बोलली हें मुलीपासून लपवून ठेवणार नाहीं, हेंही त्याच वेळीं आईला सांगणें योग्य.

तर मग हें मौन अमर्याद असावें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर जगाला फार मोठी किंमत देऊन मिळालें. अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एका विद्यार्थ्यानें १९६९ सालीं आपल्या मानसोपचारकाला सांगितलें कीं, अमुक एका तरुणीला मी ठार मारणार. मानसोपचारकानें विद्यापीठाच्या पोलिसांना कळविलें. पोलिसांनीं विद्यार्थ्याला ताब्यांत घेतलें, तो शुद्धीवर दिसला म्हणून सोडून दिलें. ती तरुणी त्या वेळीं परदेशीं होती. तिला किंवा तिच्या आईबापांना कोणींच कांहीं कळविलें नाहीं. आणि ती परतल्यावर, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, तिचा खून झाला. आईबापांनीं दावा लाविला. टॅरासॉफ खटला ह्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ह्या प्रकरणांत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७६ सालीं असा निर्णय दिला कीं, दुसऱ्याच्या जिवावर बेतणारा धोका दिसत असतां त्या दुसऱ्याच्या रक्षणासाठीं योग्य ती काळजी घेणें हें उपचारकाचें कर्तव्य आहे. तेथें गुप्ततेचा अधिकार संपतो.

भारतांतील कायद्यानेंही हाच समतोल साधण्याचा यत्न केला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यांत अंमलांत आला. त्याच्या २३ व्या कलमानें मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गुप्ततेचा हक्क दिला असून, आरोग्यसेवा देणारांवर तो पाळण्याचें बंधन घातलें आहे. त्याला अपवाद आहेत : रोग्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला त्याचें कर्तव्य पार पाडण्यापुरती माहिती देणें; उपचारांत सहभागी असलेल्या दुसऱ्या वैद्यकीय व्यावसायिकाला कळविणें; कोणाच्या जिवाला असलेला धोका टाळणें; न्यायालयाची वा अधिकृत मंडळाची आज्ञा पाळणें; आणि सार्वजनिक सुरक्षितता. त्यांतही धोका टाळण्यास जेवढी माहिती आवश्यक तेवढीच द्यावी, अशी मर्यादा आहे. एक दार उघडावें लागलें म्हणून सारें घर उघडें टाकावयाचें नसतें.

बालकांच्या बाबतींत कायदा अधिक कडक आहे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचें ज्याला कळेल, त्यानें तें पोलिसांना कळविलेंच पाहिजे, असें २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो. न कळविणारास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. समुपदेशकालाही ह्यांतून सूट नाहीं. न्यायालयाच्या दारांतही त्याची स्थिति वकिलाहून निराळी असते. अशिलानें वकिलाला सांगितलेली गोष्ट पुराव्याच्या कायद्यानें संरक्षित केलेली आहे. वैद्याला किंवा समुपदेशकाला भारतांत तसें कवच नाहीं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें मात्र १९९६ सालीं मानसोपचारकाशीं झालेल्या संभाषणाला फेडरल न्यायालयांपुरतें असें संरक्षण दिलें. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं मुलाच्या ताब्याच्या एका प्रकरणांत असें ठरविलें कीं, समुपदेशकाचा अहवाल न्यायालय विचारांत घेऊं शकतें. म्हणजे समुपदेशक न्यायालयानें नेमलेला आहे कीं स्वतः निवडलेला आहे, ह्यावरही गुप्ततेची व्याप्ति अवलंबून असते.

कायद्याच्या ह्या मोठ्या प्रसंगांपेक्षां रोजच्या बारीक गोष्टींतच ह्या व्रताची खरी कसोटी लागते. आंतला आवाज बाहेरच्या बांकावर ऐकूं येतो काय? आधीं आलेल्या माणसाची नोंदवही टेबलावर उघडी पडली आहे काय? घरच्या दूरध्वनीवर निरोप ठेवतांना समुपदेशकाचें नांव उगाच जाहीर होतें काय? बाजारांत गांठ पडली तर चांगला समुपदेशक आपण होऊन ओळख दाखवीत नाहीं. समोरच्यानें नमस्कार केला तरच करतो. त्यांत तुटकपणा नसतो. बरोबरच्या माणसानें 'हे कोण?' असें विचारल्यास उत्तर देण्याची अडचण त्या बिचाऱ्यावर येऊं नये, एवढाच हेतु असतो. टिपणांतही उपचारास लागेल तेवढेंच लिहावें. फिनलंडमधील एका मोठ्या मानसोपचार संस्थेची संगणकांतील टिपणें चोरीस गेलीं, आणि २०२० सालीं चोरट्यानें हजारों रोग्यांना थेट पत्रें पाठवून खंडणी मागितली. पूर्वीं कपाटाचें कुलूप पुरत असे. आतां समुपदेशकाला संगणकाचें कुलूपही तितक्याच काळजीनें सांभाळावें लागतें.

ह्या सर्वांचें सार एका गोष्टींत आहे. 'कांहीं झालें तरी मी कोणालाच सांगणार नाहीं' असें वचन देणारा समुपदेशक पाळतां न येणारें वचन देत असतो. प्रामाणिक समुपदेशक पहिल्याच भेटींत, दुःखाची कहाणी सुरू होण्यापूर्वीं, मौनाच्या सीमा सांगतो : तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, बालकावर अत्याचार होत असल्याचें कळलें, अथवा न्यायालयाची आज्ञा आली, तर मला बोलावें लागेल, आणि शक्य असेल तेथवर तें आधीं तुम्हांला सांगूनच बोलेन. येणारानेंही संकोच न धरतां तीन प्रश्न विचारावे. टिपणें कोठें राहतात? तीं कोण पाहतो? आणि घरच्यांनीं विचारल्यास काय उत्तर मिळेल? हे प्रश्न ऐकून जो रागावतो त्याच्यापाशीं ठेव ठेवूं नये. आणि बाहेरच्या बांकावर बसणाऱ्या आईबापांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, आंत काय बोलणें झालें हें त्यांना कळलें नाहीं, म्हणूनच तें बोलणें होऊं शकलें.